दोन थोरल्या

नलिनी घाडीगावकर हे नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलं आहे. बोरीवलीच्या त्यांच्या सोसायटीत ती नलूताई. तळमजल्यावरच्या गुजराती काकींची ताई, वॉचमनची ताई, आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठा भाजीवालासुद्धा तिला ताईच म्हणतो. पाच भावंडांत थोरली म्हणून जन्माला आली आणि तिथेच तिचं बालपण आटोपलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

लालबागच्या चाळीत एका खोलीत ती सात माणसं. वडील गिरणीत, आईला दमा. आठव्या वर्षी नलू स्टूलवर चढून भात चढवायला लागली. आलेल्या-गेलेल्याला आई कौतुकाने सांगायची, "नलू माझी शहाणी हा, तिच्यामुळे माका काय बघूचा लागना नाय." हा शहाणी शब्द भारी महाग पडतो. शहाण्या मुलीला कोणी खेळायला बोलवत नाही, तिला ताप आलेला कोणाच्या लक्षात येत नाही. गिरणीचा संप झाला, वडील घरी बसले, तेव्हा नलू साड्यांना फॉल लावून घर चालवत होती. धाकट्या बहिणीचं, प्रेमाचं, लग्न आधी झालं, मग बाकीच्यांची झाली, आणि मग कोणाला तरी आठवलं की अरे, नलू राहिलीच. दशरथ घाडीगावकरांशी लग्न होऊन ती सासरी आली तीही थोरली सून म्हणून. नशीब कसं एका वळणाचं असतं बघा.

आई गेली तेव्हा तिचा हात नलूच्या हातात होता. शेवटचं वाक्य म्हणाली, "बाळाक सांभाळ गो." बाळा म्हणजे शेंडेफळ. त्या वेळी बाळाला मिशा होत्या आणि एक मुलगाही होता. आता त्याची पन्नाशी उलटलीय, तरी रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. गिझर गळतोय, बायको बोलत नाही, पोराला कॉमर्सला घालू की सायन्सला. नलूताई एका हाताने फोन धरते आणि दुसऱ्या हाताने आमटी ढवळते.

मुलगा सुबोध मस्कतला. त्याने आईवडिलांच्या शेजारचाच छोटा फ्लॅट घेऊन ठेवला, येऊन राहायला मात्र त्याला सवड नाही. त्या रिकाम्या फ्लॅटला गंधालीने पाहुणे आणून दिले. गंधाली जवळच्या एका बालगृहात काम करायची. परदेशातून मूल दत्तक घ्यायला आलेल्या जोडप्यांना पासपोर्ट, व्हिसा हातात येईपर्यंत मुलाबरोबर इथेच राहावं लागतं. हॉटेल त्यांना परवडत नाही आणि मुलाला मानवत नाही. मग ते नलूताईच्या शेजारी राहायचे आणि तिच्या हातचं जेवायचे. सुरुवातीला नलूताईला मजा वाटली. पण आता गुडघे बोलायला लागले होते. "बस झालं गं माझं," ती गंधालीला म्हणाली. गंधाली म्हणाली, "ताई, हे शेवटचं." असं शेवटचं आतापर्यंत बऱ्याचदा झालं होतं.

मे महिन्याच्या ऐन उकाड्यात ते चौघे आले. इटलीतल्या एका लहान गावचा दावीदे, तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याची बायको फेदेरिका एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. आणि त्यांची झालेली, पण अजून न झालेली दोन मुलं, आठ वर्षांची दिपाली आणि तिचा चार वर्षांचा भाऊ सुयोग. दिपालीच्या एका खांद्यावर पिशवी होती, दुसऱ्या कडेवर भाऊ. फेदेरिकाने भावाला घ्यायला हात पुढे केले, तशी पोरगी एक पाऊल मागे सरली.

"मी घेते. त्याला सवय नाय दुसऱ्याची," ती नलूताईला म्हणाली. नलूताईच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "बघा, केवढी शहाणी माझी बाय ती!"

दिपालीचा चेहरा उजळला. नलूताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पोळ्या लाटायला आत गेली.

पुढचे दिवस असेच गेले. दिपाली सकाळी भावाच्या आधी उठायची. त्याची आंघोळ तिने घालायची, तोंड तिने पुसायचं, शर्टाची बटणं तिने लावायची. फेदेरिका टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी असायची, दार आतून बंद. तिने महिनोन्‌महिने घोकून आणलेली मराठी वाक्यं होती. "भूक लागली?" ती विचारायची. दिपाली भावाच्या वतीने सांगायची, "त्याला नाय लागली." मग थोड्या वेळाने स्वतः उठून नलूताईकडे यायची. "आजी, सुयोगला भूक लागली."

आणि नलूताई वाटीत वरणभात कालवून, वर तुपाची धार सोडून ती वाटी दिपालीच्या हातात द्यायची. का, तर पोरगा बहिणीच्या हातून पटापट जेवायचा. परक्या बाईच्या हातून जेवायचं तर तास मोडायचा, रडारड व्हायची, भात सांडायचा, आणि लादी कोण पुसणार? नलूताईच. दमलेलं माणूस सोपी वाट धरतं, तिनेही धरली. फेदेरिका शेजारी बसून हात मांडीवर ठेवून ते बघत राहायची. रात्री उशी उचलली की खाली दोन पोळ्या सापडायच्या, दिपालीने भावासाठी लपवलेल्या. फेदेरिका त्या पोळ्या पुन्हा तिथेच ठेवून द्यायची.

दावीदेने एक चेंडू आणला. सुयोग त्याच्याशी खेळला, हसलासुद्धा. पण ताई दिसली नाही की पोरगा भोकाड पसरायचा, आणि दिपाली धावत यायची, चेंडू काढून ठेवायची. "पुरे झालं. घाम आलाय त्याला," ती दावीदेला ठणकावून सांगायची. एवढा आडदांड माणूस, पण तिच्यापुढे चळचळा कापायचा.

एका सकाळी गंधाली चौकशीला आली. मुलांना विचारायला लागतं, तसं तिने विचारलं, "काय गं दिपाली, आईबाबा आवडले ना?"

दिपालीने भावाला मांडीवर ओढलं. "आम्हाला नको जायचं. तुम्ही आम्हाला परत न्या. सुयोगला मी बघीन. कायम बघीन."

फेदेरिकाला सगळे शब्द कळले नसतील, पण "परत" कळला. ती उठून नलूताईच्या स्वयंपाकघरात आली आणि फ्रिजकडे तोंड करून रडली. दावीदेने फोनमध्ये काहीतरी म्हटलं, आणि फोनमधल्या भाषांतर करणाऱ्या बाईने ते रुक्ष मराठीत सांगितलं, "आम्ही या मुलांना दुःख देत आहोत का? आम्ही चूक केली आहे का?"

गंधाली नलूताईला बाहेर जिन्यात घेऊन गेली. तिचाही चेहरा उतरला होता. "ताई, असंच राहिलं तर मला अहवालात तसं लिहावं लागेल. ही दोघं जबरदस्ती करणारी माणसं नाहीत, ती मागे सरतील. आणि मुलं बालगृहात परत आली ना, तर संपलंच. आठ वर्षांच्या मुलीला दुसऱ्यांदा कोण विचारतंय? भाऊबहीण एकत्र तर नाहीच नाही."

"मी काय करू त्यात? मी जेवण घालते," नलूताई जरा तोडूनच म्हणाली. तिचे पाय दुखत होते, भाकऱ्या व्हायच्या होत्या, आणि जगातली सगळी भावंडं आपल्याच दारात का येतात, असा तिला मनापासून राग आला होता.

त्या दुपारी सगळ्यांची जेवणं झाली. दशरथ पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले. नलूताई नेहमीसारखी सगळ्यात शेवटी, ओट्याशी उभी राहून, भाताच्या पातेल्यातच उरलेली आमटी ओतून खायला लागली. ताट घ्यायचं, पाट मांडायचा, हे तिला कधी जमलंच नाही. थोरलीने सगळ्यांचं झाल्यावर, उभ्यानेच, पातेलं निपटून खायचं. कोणी शिकवलं नव्हतं तिला, आपोआप अंगात मुरलं होतं. खाता खाता तिने बाजूला पाहिलं.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दिपाली उभी होती. भावाची वाटी तिच्या हातात होती. त्याने टाकलेला गार भात, चघळून बाजूला काढलेली बटाट्याची फोड, ती बोटाने पुसून पुसून खात होती. एका पायावर भार, दुसरा पाय त्यावर टेकवलेला. कान बाहेर, भाऊ उठला की काय याकडे.

नलूताईचा घास तोंडातच राहिला. अशीच ती उभी राहायची, लालबागच्या मोरीशेजारी. साठ वर्षं होत आली, अजून उभीच होती.

"तू जेवलीस का गं ताटात बसून?" तिने विचारलं.

"मला हेच पुरतं, आजी," दिपाली म्हणाली, आणि शाबासकीसाठी वर बघितलं. तोच चेहरा, शहाणी म्हटल्यावर उजळलेला. नलूताईला एकदम गलबलून आलं. आईने हे मला केलं, आणि मी या लेकराला आल्या दिवसापासून तेच करत आलेय, तिच्या मनात आलं. स्वतःची तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिने पोरीच्या हातातली वाटी काढून घेतली आणि सिंकमध्ये टाकली. दिपाली बघतच राहिली, आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी नलूताईने वरणभात कालवला, तुपाची धार सोडली आणि वाटी फेदेरिकाच्या हातात दिली. दिपालीसाठी वेगळं ताट वाढलं, लिंबाची फोडसुद्धा ठेवली.

"आजी, वाटी माझी," दिपाली म्हणाली.

"तुझं ताट ते. बस आणि जेव."

"पण तो तिच्या हातून नाय जेवत!"

"नाय जेवला तर उपाशी राहील जरा. पोरगा मरत नाय त्याने."

मग जे झालं ते सांगायला नको. सुयोगने टाहो फोडला. भात भिंतीवर, भात फेदेरिकाच्या केसांत. दिपाली धावली तशी नलूताईने तिला कमरेला धरलं, आणि पोरीने नलूताईच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. "तू वाईट आहेस! सगळ्यांत वाईट तू आहेस!" ती ओरडत होती. खालून गुजराती काकी विचारायला आल्या, "शूं थयु ताई, कोण रडे छे?" दशरथ दारातूनच म्हणाले, "काय ता पोरांका छळतस गो? दी ती वाटी तिच्याकडे आणि मोकळी हो." फेदेरिकाचे डोळे भरले होते, ती वाटी परत द्यायला निघाली होती.

"बस खाली," नलूताई तिला म्हणाली. मराठीतच म्हणाली, पण कळायला भाषा लागली नाही. "भरव. तू आई ना त्याची? मग भरव."

त्या दिवशी सुयोगने चार घास खाल्ले असतील, तेही रडून रडून दमल्यावर, हुंदके देत. दिपालीने आपल्या ताटाला हात लावला नाही. नलूताईच्या मनगटावर दातांचे वळ उठले होते. संध्याकाळी बाळाचा फोन आला तेव्हा ती बाल्कनीत बसून त्या वळांवर हळद लावत होती. फोन वाजून वाजून थांबला.

दोन-तीन दिवस हीच लढाई. पोरगं हळूहळू वळलं, पोटाला कुठे कळतं कोण परकं आणि कोण आपलं. पण दिपाली नुसती बसून राहायला लागली. हातातलं काम गेलं तशी ती पार रिकामी झाली. भिंतीला टेकून बसायची, कोणाशी बोलायची नाही, आणि डोकं खाजवायची. नलूताईला वाटलं, आपण हे काय करून बसलो? एकाला सावरायला गेलो आणि दुसरी हातची घालवली.

डोकं मात्र पोरगी फारच खाजवत होती. नलूताईने तिला उजेडात ओढून केस वर केले. "अगो बाई माझे!" उवांची नुसती जत्रा भरली होती. कानामागे, मानेवर लिखाच लिखा. रोज भावाचं डोकं विंचरून चकचकीत करणाऱ्या या पोरीच्या डोक्यात कोणी बघितलंच नव्हतं. कोण बघणार? शहाणी होती ना.

नलूताईने कपाटातून बारीक दातांची फणी काढली. बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसायला गेली, आणि थांबली. मग तिने फेदेरिकाला हाक मारली आणि फणी तिच्या हातात ठेवली.

फेदेरिकाने फणी उलटसुलट करून पाहिली, दिपालीच्या डोक्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच खळखळून हसली. आपल्या डोक्याकडे बोट दाखवून ती काहीतरी भरभर बोलली. फोनमधल्या बाईने सांगितलं, "माझी आई प्रत्येक उन्हाळ्यात हे करत असे. मी पळून जात असे."

"बस इथे," नलूताई दिपालीला म्हणाली.

"आधी सुयोगचं बघा."

"त्याच्या डोक्यात काय नाय. तुझंच आधी."

दिपाली फेदेरिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये लाकडासारखी ताठ बसली. फेदेरिकाने खोबरेल तेल चोळलं, एक एक बट वेगळी करून फणी ओढली. नलूताईने कागद पसरला, उवा पडल्या की नखाने टचकन मारायच्या कशा ते दाखवलं. फेदेरिकाने पहिली मारली आणि विजयाने हात वर केला. दिपालीच्या ओठाचा कोपरा हलला, हसली म्हणण्याइतकं काही नव्हतं ते.

आतून सुयोगने हाक मारली, "ताई!"

दिपाली उठायला लागली. फेदेरिकाने तिला धरलं नाही, फक्त फणी हवेत थांबवली आणि वाट पाहिली. तेवढ्यात दावीदेचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा धडाम आवाज आला, आणि मग सुयोगचं हसणं आलं. दिपाली अर्धवट उठलेली तशीच ऐकत राहिली. मग हळूच खाली बसली. डोकं थोडं मागे केलं, फणीला जवळ पडेल इतकंच.

मग हा रोजचाच उद्योग झाला. उवा संपल्या तरी दुपारी दिपाली आपणहून तेलाची बाटली घेऊन यायची आणि गुपचूप उंबऱ्यावर बसायची. तिचे खांदे सैल पडायचे, मान कलंडायची, आणि ती फेदेरिकाच्या गुडघ्यावर गाल टेकून झोपायची. पाय दुखेपर्यंत फेदेरिका हलायची नाही. नलूताई आतून तांदूळ निवडता निवडता बघायची. तिला बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. तिच्या केसांतून कोणी अशी फणी फिरवल्याचं तिला आठवत नव्हतं. सगळ्यांच्या वेण्या तिने घातल्या. स्वतःची ती आरशाशिवाय, चालता चालता घालायची.

एका सकाळी उशीखाली पोळ्या सापडल्या नाहीत. फेदेरिका उशी हातात घेऊनच नलूताईकडे सांगायला आली. गंधालीने पुन्हा येऊन विचारलं तेव्हा दिपाली म्हणाली, "तिकडे बर्फ पडतो म्हणे. मला लाल बूट पायजेत." भावाचं नावसुद्धा घेतलं नाही. गंधालीने नलूताईकडे पाहिलं. नलूताई कोथिंबीर निवडत होती, तिने मान वर केली नाही.

पासपोर्ट आले, व्हिसा आला. निघायच्या सकाळी नलूताईने फेदेरिकाची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खणाचा तुकडा, आणि त्यात ती फणी. फेदेरिकाने तिला मिठी मारली ती सोडेचना. सुयोग दावीदेच्या खांद्यावर बसून सगळ्यांना टाटा करत होता. दिपालीने नलूताईच्या मनगटाकडे पाहिलं, वळ केव्हाच गेले होते, तरी तिथे बोट फिरवलं आणि पळत जिना उतरली.

टॅक्सी खाली उभी होती. मागच्या सीटवर एका बाजूला बॅगा काचेपर्यंत रचल्या होत्या, त्यामुळे खिडकी एकच मोकळी. सुयोग तिथे चढून बसला. नलूताई गेटाशी उभी होती. आता दिपाली त्याला नीट बसवील, त्याचा शर्ट खाली ओढील, असं तिला वाटलं.

"ए, सरक!" दिपालीचा आवाज आला. "मला खिडकी."

"मी पयला आलो!"

"सरक ना रे! रोज तुलाच का सगळं? मला बघायचंय बाहेर!" आणि तिने त्याला सरळ ढोपराने ढकललं. पोरगा किंचाळला. दिपालीही किंचाळली. "आई, सांग ना गं त्याला!"

फेदेरिका दार धरून उभी होती. आई हा शब्द तिला चांगला येत होता. ती हलायची विसरली. मग तिने घाबरून नलूताईकडे पाहिलं, भांडण सोडवू का म्हणून. नलूताईने हात हलवला. भांडू दे, भांडू दे. आयुष्यात कोणाचं भांडण ऐकून तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. टॅक्सी वळली तेव्हा खिडकीत दिपालीचं नाक काचेला चिकटलेलं होतं, आणि ती मागे नाही, पुढे बघत होती.

नलूताई एक एक पायरी चढून वर आली. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं, चादरी धुवायच्या होत्या, भिंतीवरचा भात अजून खरवडायचा होता. पण ती आपल्या घरी आली आणि बाल्कनीच्या उंबऱ्यावर टेकली. फोन वाजत होता, बाळाचाच असणार.

"गो," आतून दशरथ म्हणाले, "इलंस? च्या टाक जरा."

नलूताई उठली नाही. "आज च्या तुम्ही करा," ती म्हणाली.

मग डबे उघडल्याचे, चमचा पडल्याचे आवाज आले. साखर कुठे असते ते त्यांना ठाऊक नव्हतं, तिने सांगितलंही नाही. शेवटी दशरथ दोन्ही हातांनी कप धरून आले, बशीत अर्धा सांडवून. जवळ उभे राहून तिच्याकडे बघायला लागले. "रडतस कित्या गो?"

"काय नाय," नलूताई म्हणाली. चहात आलं नव्हतं, साखर कशीबशी अर्धा चमचा असेल. कप संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.